मार न खाल्लेली पंचिंग बॅग

मी एक जुनी पंचिंग बॅग आहे. बारा वर्षं झाली मला, म्हणजे आमच्यात मी आजीबाईच. आमच्यातल्या बहुतेकजणी तीन-चार वर्षं मार खातात, मग त्यांचं पोट सुटतं, शिवण उसवते आणि एक दिवस त्या भंगारात जातात. मी एवढी टिकले, यात माझं कर्तृत्व काहीच नाही. मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण पहिली अकरा वर्षं मला कुणी एक ठोसासुद्धा मारला नाही.

हसलात ना? हसा. मीही आता हसते. पण तेव्हा हसू येत नव्हतं, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

मला जन्म दिला तो ताडपत्रीवाल्या काकांनी. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या शिवणं हा त्यांचा धंदा. पंचिंग बॅग त्यांनी जन्मात शिवली नव्हती, पण ‘जमणार नाही’ म्हणायची त्यांना सवय नव्हती. हिरव्या जाड ताडपत्रीचे दोन थर, मेण लावलेला दोरा आणि बोटभर लांब सुई घेऊन ते दोन दिवस माझ्यावर बसले होते. पोटात भरायला त्यांनी शेजारच्या शिंप्याकडून चिंध्या आणल्या. पडद्यांचे तुकडे, गणवेशाच्या निळ्या पट्ट्या आणि कुणाच्या तरी कोटाची अख्खी बाही आजही माझ्या पोटात आहे. काम संपल्यावर काकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “जा बाई, आता भरपूर मार खा.” असा आशीर्वाद घेऊन मी जगात आले.

हातगाडीवरून मला एका जुन्या छापखान्याच्या गोदामात नेलं. आत जमिनीवर गाद्या होत्या, एका भिंतीला लांबलचक आरसा होता आणि बाकीच्या भिंतींवर शाईचे डाग होते. छताच्या लोखंडी तुळईला साखळी बांधून मला टांगलं. समोर काटकुळी, घामेजलेली, मुठी वळलेली माणसं रांगेत उभी होती. माझा ऊर भरून आला. म्हटलं, आलं आपलं आयुष्य मार्गाला.

पहिला गडी धावत आला, ओरडला, त्यानं मूठ फेकली आणि ती माझ्या पोटापासून चार बोटांवर येऊन थांबली. दुसऱ्या हातानं त्यानं स्वतःच्या मांडीवर फटकन चापट मारली. मागे उभ्या असलेल्या माणसानं माझ्या पाठीला बांधलेली दोरी ओढली आणि मी झोके घेऊ लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला काही कळेचना.

मग हळूहळू कळलं. ही तालीम चित्रपटांत मारामारी करणाऱ्यांची होती. तुम्ही असे चित्रपट पाहिले असतील. शिष्य पहाटे उठून सराव करतात, गुरूची बोलणी खातात, दोघांत चुरस लागते आणि शेवटी दोघं एकमेकांना असा चोप देतात की पाहणाऱ्याचे दात शिवशिवतात. त्यात कुणाला काही लागत नसतं. ठोसा चार बोटं आधी थांबतो, मार खाणारा बरोबर त्या क्षणी मान फिरवून पडतो, आणि मधलं अंतर कॅमेरा गिळून टाकतो. आवाज नंतर भरतात, एका बंद खोलीत ओला टॉवेल फरशीवर आपटून.

तालमीच्या प्रमुखांना सगळे मास्तर म्हणत. त्यांची एक भुवई अर्धीच होती. तरुणपणी कुणीतरी चार बोटांचं अंतर पाळलं नव्हतं, त्याची ती खूण. तेव्हापासून त्यांनी एकच नियम केला: आपल्या हातानं कुणाला लागता कामा नये. कुणाला म्हणजे कुणालाच, त्यात मीही आले.

मास्तर मला फार जपत. कुणी पाहुणा आला की मला दाखवत आणि म्हणत, “अकरा वर्षांची बॅग आहे. एक सुरकुती दाखवा.” पाहुणे वाकून बघत, कौतुक करत, आणि मी मनातल्या मनात मान खाली घालत असे. रोजचं आयुष्य म्हणाल, तर माझ्या साखळीला टॉवेल वाळत, टोप्या लटकत, आणि एक छत्री तर कित्येक महिने माझ्या गळ्यात होती. मार खायला जन्मलेली मी, खुंटी होऊन बसले.

त्यातून समोरची खिडकी. रस्त्यापलीकडे बेकरी होती आणि तिच्या वरच्या मजल्यावर दुसरी तालीम होती, खऱ्या स्पर्धा खेळणाऱ्यांची. तिथली बॅग मला खिडकीतून दिसे. सगळ्या अंगावर ठिगळं, पोट लोंबलेलं, पण दिवसभर तिच्यावर धपाधप ठोसे पडत. पावाच्या वासाबरोबर तो आवाजही आमच्याकडे येई. मला तिचा इतका हेवा वाटे की काय सांगू.

आता भिंगरीबद्दल सांगते, कारण माझं आयुष्य तिच्यामुळे फळलं.

भिंगरी आमच्या तालमीत आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिला पडता यायचं. पडणं सोपं नसतं, मित्रांनो. कुणी हात उगारला की ती जागच्या जागी तीन गिरक्या घेऊन गादीवर अशी कोसळे, की बघणाऱ्याचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे जाई. म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. खरं नाव आठवायला तिच्या सासूबाईंनाही जरा वेळ लागतो.

नायिकेच्या जागी मार खायचा आणि मार द्यायचा, हे तिचं काम. चेहरा नायिकेचा आणि पाठ भिंगरीची, असं मिळून पडद्यावर एक शूर बाई तयार व्हायची. त्यामुळे कितीही गिरक्या घेतल्या तरी थांबताना पाठ कॅमेऱ्याकडे करायची, हे तिच्या हाडीमाशी भिनलं होतं. पहिल्याच वर्षी तिची मूठ एका नायिकेच्या दाताला लागली होती. दाताचा टवका उडाला, आठ दिवस काम बंद पडलं आणि नायिका लहान मुलीसारखी रडली. त्यानंतर भिंगरीनं कुणाला ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. पुढे पुढे तर तिचा हात न बघताही बरोबर चार बोटांवर थांबू लागला.

स्वभावानंही ती तशीच. कुणी काहीही म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं: चालेल. तिचा टॉवेल कुणी घेतला तरी चालेल, तिची सुट्टी रद्द केली तरी चालेल.

तिचा नवरा चित्रपटांच्या कपडेपटात शिवणकाम करायचा. सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर काढायची त्याला सवय होती. आणि त्याची धाकटी बहीण, म्हणजे भिंगरीची नणंद, ही रस्त्यापलीकडच्या तालमीची मालकीण. तिला सगळे हातोडा म्हणत. खऱ्या स्पर्धांत तिनं इतके चषक जिंकले होते की एका चषकात ती चमचे ठेवायची. ती येता-जाता आमच्या दारात डोकावे आणि विचारी, “काय वहिनी, आज हवेला मारलंस की माशांना?” सगळे हसत. भिंगरीही हसे. पण नंतर गाद्या उचलताना ती जरा जोरात आपटायची, हे मी पाहिलेलं आहे.

अशात एक दिवस दिग्दर्शक बाई आल्या. केसांत पेन्सिल खोचलेली, हातात वही. त्या एक चित्रपट करत होत्या. एकाच तालमीत शिकणाऱ्या दोघी, एक ताकदवान आणि फुशारकी मारणारी, दुसरी कोपऱ्यात लपणारी. दोघींची चुरस, दुसरीचा सराव, तिची हार, पुन्हा सराव आणि शेवटी सामना. ताकदवान बाईच्या कामासाठी त्यांनी हातोडाला आधीच घेतलं होतं. लपणारीसाठी त्यांना असा चेहरा हवा होता, जो कुणी कधी पाहिलेला नाही.

मास्तरांनी भिंगरीला पुढे केलं. म्हणाले, “अकरा वर्षं काम करून जिचा चेहरा कुणी पाहिला नाही, अशी बाई तुम्हाला दुसरीकडे मिळायची नाही.”

बाई हसल्या. पण त्यांची एक अट होती. शेवटचा सामना मध्ये न थांबता, एका दमात चित्रित होणार होता. त्यातले बाकीचे सगळे ठोसे खोटे चालतील, शेवटचा मात्र खरा लागला पाहिजे. खोटं त्यांना लगेच ओळखू येतं, असं त्या म्हणाल्या. हातोडाच्या बरगड्यांवर कपड्यांखाली जाड अस्तर असणार होतं, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं.

लगेच चाचणी ठरली. हातोडा आणि भिंगरी समोरासमोर उभ्या राहिल्या. बाईंनी खूण केली. हातोडाचा हात जरासा वर गेला, तोच भिंगरीनं तीन झकास गिरक्या घेतल्या आणि ती गादीवर आडवी झाली.

तालमीतल्या सगळ्यांच्या माना हातोडाकडे वळल्या.

“वहिनी,” हातोडा म्हणाली, “मी नाक खाजवत होते.”

हशा पिकला. भिंगरी उठली, तिचे कान लाल झाले होते. मग तिला ठोसा मारायला सांगितलं. तिनं मारला. मूठ चार बोटांवर थांबली. पुन्हा मारला, पुन्हा थांबली. तिसऱ्या वेळी तिनं डोळे मिटून मारला, आणि मित्रांनो, मिटल्या डोळ्यांनीही तो बरोबर चार बोटांवर थांबला. इतकी अचूकता मी दुसरीकडे पाहिली नाही, पण त्या दिवशी ती कुणाच्या उपयोगाची नव्हती.

दिग्दर्शक बाईंनी वही मिटली. “तीन आठवडे देते,” त्या म्हणाल्या. “जमलं तर काम तुमचं. नाही जमलं तर चेहरा दुसरीचा घेईन. पाठ तुमचीच.”

“चालेल,” भिंगरी म्हणाली.

सगळे गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मूठ वळली, पाय रोवला, हात फेकला. मी श्वास रोखून धरला, म्हणजे श्वास असता तर धरला असता. हात थांबला. तिनं कपाळ माझ्या अंगावर टेकलं. ते तापलेलं होतं. तेवढ्यात तिचा नवरा तिला न्यायला आला आणि तिथंच गादीवर बसला.

“सासूबाई माझा प्रत्येक चित्रपट बघतात,” ती त्याला म्हणाली. “विचारतात, यातली तू कोणती? मी सांगते, ती पाठ. त्या म्हणतात, छान आहे हो पाठ.” ती हसायला गेली, पण डोळ्यांतून पाणी आलं. “मला एकदा तरी दिसायचंय रे.”

नवरा म्हणाला, “मग धाकटीला विचार. मारायचं कसं ते तिच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत आहे?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता दार वाजलं. भिंगरीच्या मागोमाग हातोडा आत आली. तिच्या हातात बेकरीतले गरम पाव होते आणि तोंडातही एक होता. “काल मी जेवत असताना येऊन म्हणालीस, मला शिकव. मला ठसकाच लागला,” ती म्हणाली. “लग्नाला सात वर्षं झाली, तू माझ्याकडे कधी मीठसुद्धा मागितलं नाहीस. चल, मार.”

भिंगरीनं मारलं. हात थांबला. हातोडानं मला मागून धरून पुढे ढकललं, तर भिंगरी तेवढीच मागे सरकली. दोघी आणि मधे मी, अशा आम्ही निम्म्या तालमीभर फिरलो. हातोडा दमली. पावाचा शेवटचा तुकडा गिळून ती म्हणाली, “असं कर. मारताना काहीतरी बोल. माझ्याबद्दल मनात असेल ते बोल.”

“माझ्या मनात काही नाही.”

“मग हात का थांबतो?”

भिंगरीनं बराच वेळ विचार केला. “तू माझा टॉवेल वापरतेस,” ती म्हणाली आणि तिची मूठ आली. ती थांबली, पण दोन बोटांवर.

हातोडाच्या भुवया वर गेल्या. “आणखी.”

“दर रविवारी जेवायला येतेस आणि पहिल्या घासाला म्हणतेस, वहिनी, मीठ कमी आहे.”

“कमीच असतं.”

“मीठ बरोबर असतं.” या वेळी माझ्या ताडपत्रीला काहीतरी लागलं. मांजरानं येऊन डोकं घासावं, एवढंच. पण अकरा वर्षांत माझ्या अंगाला लागलेली ती पहिली मूठ होती.

भिंगरीचा श्वास जोरात चालला होता. आता ती थांबायच्या मनःस्थितीत नव्हती. “आमच्या लग्नात,” ती म्हणाली, “सगळे पाहुणे बसले होते. कुणीतरी विचारलं, नवरी काय करते? तू म्हणालीस, खोटं खोटं मारते आणि खोटं खोटं पडते. सगळे हसले. मलाही हसावं लागलं.”

आणि मग ठोसा आला. खरा. तो ताडपत्रीचे दोन्ही थर दाबत, पडद्यांचे तुकडे आणि निळ्या पट्ट्या चेपत थेट कोटाच्या बाहीपर्यंत पोचला. मी मागे गेले, साखळी करकरली, मी पुढे आले आणि पुन्हा मागे गेले. कुणी दोरी ओढली नव्हती. माझी मीच हलत होते. मित्रांनो, मार खाऊन इतका आनंद जगात दुसऱ्या कुणाला झाला असेल असं वाटत नाही.

हातोडा मला धरून उभी राहिली.

“मी असं म्हणाले होते?”

“म्हणाली होतीस.”

“मला वाटायचं तुला काही वाटत नाही. तू कधी बोलतच नाहीस.”

“बोललं की लागतं कुणालातरी.”

“मला लागू दे की. मी काय काचेची आहे?” हातोडानं बाहीनं नाक पुसलं. “चुकलं माझं, वहिनी. आता परत मार. या वेळी खांदाही लाव.”

त्या दिवसापासून रोज सकाळी सहा ते नऊ माझ्यावर ठोसे पडू लागले. माझ्या पोटाला पहिला खड्डा पडला. मी तो दिवसभर मिरवत असे. पण त्या खड्ड्यामुळेच आमची चोरी पकडली गेली. मास्तर एरवी नवाला येत. खड्डा पाहून त्यांना संशय आला, म्हणून एका सकाळी ते लवकर आले आणि दारातच उभे राहिले. भिंगरी माझ्यावर तुटून पडली होती. त्यांना पाहून तिचे हात खाली आले आणि ती खालमानेनं बाजूला झाली.

मास्तर माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या खड्ड्यावर तळहात ठेवला. आता आपल्याला पाहुण्यांना दाखवणार नाहीत, एवढं मला कळलं.

“कुणाला लागता कामा नये, एवढंच मी तुला शिकवलं,” ते भिंगरीला म्हणाले. “त्यात काही चुकीचं नव्हतं. पण त्यासोबत तू लपायलाही शिकलीस. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.” मग त्यांनी आपल्या पेटीतून कापडाच्या लांब पट्ट्या काढल्या आणि स्वतः तिच्या हातांना गुंडाळून दिल्या. “मनगट सरळ ठेव. वाकडं राहिलं तर माझ्या भुवईसारखं होईल.”

इकडे हातोडाचीही एक अडचण होती, आणि ती तिनं फार दिवस लपवली. सामन्यातला एकच ठोसा खरा होता, तोही भिंगरीचा. हातोडाचे सगळे ठोसे थांबायला हवे होते. तिला थांबता येत नव्हतं. पहिल्याच सरावात दिग्दर्शक बाईंच्या सहायकानं तिच्यासमोर छत्री धरली आणि तिनं छत्रीचा दांडा मोडला. एका सकाळी भिंगरी पट्ट्या सोडत असताना ती हळूच म्हणाली, “वहिनी, मला थांबायला शिकव. पण बाहेर बोलू नकोस. माझी अब्रू जाईल.”

मग तिचंही शिकणं सुरू झालं. भिंगरी तिच्या हातमोज्यांना खडूची पूड लावायची. माझ्या हिरव्या अंगावर पांढरा ठिपका उठला की हातोडा हरली. पहिल्या दिवशी मी चुना लावलेल्या भिंतीसारखी दिसत होते. भिंगरीची पाठ वळली की हातोडा बाहीनं ठिपके पुसायची आणि मग बाही लपवायची. एवढे चषक जिंकलेली बाई, पण माझ्यापुढे लबाडी करायची. तिसऱ्या आठवड्यात मात्र एका सकाळी माझ्या अंगावर एकच ठिपका होता, आणि तो तिनं पुसला नाही.

त्याच सकाळी भिंगरीच्या एका ठोशानं माझी शिवण उसवली आणि पडद्याचा फुलाफुलांचा तुकडा बाहेर लोंबू लागला. ताडपत्रीवाले काका सुई घेऊन आले. त्यांनी चष्मा लावून फाटलेली जागा बघितली, खड्डे बघितले आणि त्यांचा चेहरा खुलला. “एवढ्या वर्षांनी कुणीतरी वापरली,” ते म्हणाले आणि त्यांनी मला दुहेरी टाक्यानं शिवलं.

तीन आठवडे संपले तेव्हा दिग्दर्शक बाईंनी भिंगरीचा एक ठोसा माझ्यावर बसताना पाहिला आणि काम तिलाच दिलं. चित्रीकरण आमच्याच तालमीत झालं. माझ्यावरचे टॉवेल काढले, टोप्या काढल्या, दोरीही सोडली. मी मागे दिसणार होते. दिवे लागले. नवऱ्यानं हातोडाच्या कपड्यांखाली अस्तर बसवलं, दोनदा दाबून बघितलं आणि तो कपड्यांच्या पेटीवर जाऊन बसला. मास्तर कॅमेऱ्यामागे उभे होते. दिग्दर्शक बाई म्हणाल्या, “मी सांगेपर्यंत कुणी थांबायचं नाही. काही झालं तरी.”

सामना सुरू झाला. हातोडाचे ठोसे भिंगरीच्या नाकासमोर येऊन थांबत होते. भिंगरी पडत होती, पण वेळ झाल्यावरच. ती उठत होती, पुन्हा पडत होती. मग शेवटची वेळ आली. भिंगरीनं पाय रोवला. मला तिच्या खांद्यावरूनच कळलं. ठोसा सुटला आणि हातोडाच्या बरगडीवर बसला. तो आवाज कुणाला नंतर भरावा लागला नाही. हातोडा दोन पावलं मागे गेली आणि मटकन खाली बसली. आयुष्यात ती कधी कुणाच्या ठोशानं बसली नव्हती. तिच्या तोंडावर आश्चर्य होतं, आणि ते अभिनयाचं नव्हतं.

जिंकली होती भिंगरी. सगळा चित्रपट ज्या क्षणासाठी होता, तो क्षण आला होता. आणि नेमक्या त्या क्षणी तिनं काय करावं? अकरा वर्षांच्या सवयीनं तिनं गिरकी घेतली आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहिली.

मास्तरांनी तोंडावर हात धरला. नवऱ्यानं सुई बोटात टोचून घेतली. दिग्दर्शक बाईंनी ओठ दाबले, पण थांबा म्हटलं नाही. कॅमेरा चालूच राहिला, आणि त्यात दिसत होती फक्त एक पाठ. भिंगरी माझ्याकडे तोंड करून उभी होती. आपलं काय चुकलं हे तिच्या ध्यानात आलं होतं, हे तिच्या डोळ्यांत मी एकटीनं पाहिलं. पण तिचे पाय गोठले होते.

तेव्हा खाली बसलेली हातोडा हलली. एक हात बरगडीवर दाबून, बसल्या बसल्या ती जमिनीवरून सरकू लागली. सरकत सरकत ती कॅमेऱ्याच्या पायाशी जाऊन बसली. तिथून तिनं हात वर केला.

“वहिनी,” ती म्हणाली. “मला उठव ना.”

हे कुणी लिहिलेलं नव्हतं. चित्रपटात त्या दोघी एकमेकींच्या कुणी लागतही नव्हत्या. पण भिंगरीला नणंदेनं हाक मारली होती, आणि नणंद खाली बसलेली होती. ती वळली. तिला उठवायला ती सरळ कॅमेऱ्याच्या दिशेनं चालत आली. केस कपाळाला चिकटलेले, नाकाचा शेंडा लाल, ओठ थरथरत होते आणि त्यांवर हसूही होतं. तिनं हात पुढे केला आणि तिचा सगळा चेहरा दिव्यांत आला. या वेळी ती कुणाच्या जागी उभी नव्हती.

“झालं,” दिग्दर्शक बाई फार हळू म्हणाल्या. मग त्यांनी डोक्यातली पेन्सिल काढली आणि वहीत लिहून ठेवलं की चित्रपटातल्या दोघी आता नणंद-भावजय आहेत.

तो चित्रपट मी पाहिलेला नाही. मला थिएटरात कोण नेणार, आणि नेलं तरी माझ्यामागे बसलेल्यांना काय दिसणार? पण त्याचं भलंमोठं पोस्टर माझ्यासमोरच्या भिंतीवर चिकटवलं आहे, शाईचे डाग झाकून. त्यावर भिंगरी आहे, समोरून. मी दिवसभर ते बघत असते. मास्तर अजून पाहुण्यांना तालीम दाखवतात, पण आता ते माझ्यापाशी थांबत नाहीत, पोस्टरपाशी थांबतात. माझी काही तक्रार नाही.

आता दोन्ही तालमी एकत्र भरतात. सकाळी मारायला शिकवतात आणि दुपारी थांबायला, आणि प्रत्येकाला दोन्ही शिकावं लागतं. रविवारी मीठ कमी आहे की बरोबर, यावर अजून वाद होतो, पण आता तो दोन्ही बाजूंनी होतो. माझं पोट सुटलं आहे, अंगावर चार ठिगळं आहेत आणि तळाची शिवण पुन्हा सैल झाली आहे. नव्यासारखी आहे असं मला कुणी म्हणत नाही, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

मित्रांनो, एक विनंती करते. तुमच्या घरातही माझ्यासारख्या वस्तू असतील. खराब होईल म्हणून न उघडलेला रंगांचा डबा, ओरखडे पडतील म्हणून खोळीत ठेवलेलं एखादं वाद्य, पाहुण्यांसाठी राखलेल्या बशा. त्यांना वापरा. मळल्या तर पुसा, उसवल्या तर वेळेवर शिवा, आणि कृपा करून त्यांच्यावर ओले टॉवेल टाकू नका. माणसांच्या बाबतीत तर याहून जास्त काळजी घ्या. तुमच्या घरात जो सगळ्याला ‘चालेल’ म्हणतो, त्याला कधीतरी समोर बसवून विचारा, की खरंच चालेल का. आणि उत्तर आलं, तर ते झेला.

बघा, सहा वाजले. दारात एक नवी मुलगी आली आहे. बापाचा हात धरून ती सगळ्यांकडे पाहते आहे. “यांच्यातली भिंगरी कोण?” ती विचारते.

गाद्या टाकणारी एक बाई काम थांबवून उभी राहते आणि तिच्याकडे तोंड करून म्हणते, “मी.”